दोन फवारण्यांमधलं अंतर

कात्री अंगठ्यात शिरते आणि मनगटातून बाहेर पडते,
असं वाटायचं त्या पौषातल्या विरळणीत.
घडावर मोजके मणी ठेवायचे, बाकीचे पाडायचे.
मोहाडीच्या शिवारात बारा बायांची टोळी,
मी मुकादमीण. माझाच हात थांबला
तर बाकीच्यांचे काय म्हणून चालायचे?

बाजाराच्या दिवशी यायचा कंपाउंडर विठोजी,
पिशवीत लाल बुचाच्या बाटल्या.
गंधकाच्या भुकटीने शिंका आल्या, तीच सुई.
झिंगूबाईच्या अंगावर पित्ताच्या गांध्या, तीच सुई.
माझा अंगठा, तर तीच, कमरेत.
आणि खोटं कशाला बोलू, उतार पडायचा.
दुसऱ्या दिवशी कात्री पिसासारखी.

चार महिन्यांत पाच वेळा.
तोंड गोल झालं. बाया म्हणाल्या,
"मुकादमीणबाई, डिपिंग केलं की काय तुमचं?"
मीही हसले.
मग एकदा जमिनीवरून उठताना मांड्याच ऐकेनात.

नाशिकला, पंचवटीत, डॉक्टर तस्नीम अत्तार.
"काय टोचलं होतं?"
लाल बुचाचं.
"नाव? किती? कधी?"
मी गप्प.

माझ्या पिशवीत मालकाच्या बागेची वही होती:
कुठल्या प्लॉटला काय मारलं, किती लिटर पाण्यात,
किती पीपीएम, कोणत्या तारखेला,
शेवटच्या फवारणीपासून तोडणीपर्यंत किती दिवस.
एक ओळ चुकली तर कंटेनर परत येतो.
त्या वहीत माझ्या देहाची एकही ओळ नव्हती.

त्यांनी वही चाळली. म्हणाल्या,
"घड बुडवायचं औषध जास्त झालं तर?"
देठ जाड होतो. मणी गळतात.
"मग तुम्हाला मी काय शिकवू?"

पण शिकवलं. आधी रक्त तपासलं, साखर, सकाळचं एक हार्मोन.
म्हणाल्या, बाहेरून सारखं मिळालं
की शरीर स्वतःचं करायचं विसरतं,
मग एकदम तोडलं तर कोसळतं.
मनगटाजवळ काट्याची जखम होती, पू धरलेली.
"आज नाही. पू असेल तिथे ही सुई नाही."
मी चिडले. मोहाडीहून दोन गाड्या बदलून आले होते.
"ही बरी होऊ द्या, आणि रिपोर्टही येऊ द्या."

जखम सुकली, रिपोर्ट नीट आले, मग बोलावलं.
हात पुसून, पुन्हा पुसून,
अगदी थोडं, नेमक्या म्यानात, शिरेला न टोचता.
दोन दिवस उलट ठणकेल. साखर असेल तर चढेल.
कातडी तिथे पांढरी पडू शकते.
दुसरी लागलीच तर तीन महिन्यांनी, आणि मी पाहिल्यावरच.
अंगठ्याला पट्टी. कात्रीला सुट्टी.

निघताना विचारलं, माझ्या दिराला गांधीलमाशी चावली होती,
घसा बंद होत होता, तेव्हा विठोजीने हेच दिलं.
त्यांचा चेहरा बदलला.
"तेव्हा हे हळू येतं. घसा थांबत नाही.
आधी मांडीत दुसरं, ॲड्रेनॅलिन, लगेच.
आणि लगेच दवाखाना. हे मागून."
दीर वाचला, पण कशामुळे वाचला
ते आम्ही कुणीच कधी विचारलं नव्हतं.

आता वहीच्या शेवटच्या पानावर माझा प्लॉट आहे.
तारीख, नाव, किती, कुणी दिलं.
खाली झिंगूबाईचा, तिच्या पोरीचा, दिराचा.

मनगटावर एक पांढरा ठिपका उरलाय,
साईज रिंगमधून सहज निसटेल एवढा.
परवा सेवंती आली, नवी, सतरा वर्षांची,
शिंकत, डोळे लाल.
"बाजारात तो बाबा बसतो ना, मावशी, लाल बुचाचा?"
मी वहीचं पान फाडलं नाही,
तिला पुढे कोरं ठेवलं.
"आधी लिही," म्हटलं, "काय होतंय तुला, कधीपासून."
तिने पेन्सिल घेतली,
उलटी धरली, मग सरळ.